आकडे चोख, गोष्ट मात्र आपली आपण शोधायची: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं 2024चं प्लेअर्स हँडबुक

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवण्याच्या खेळाचं हे नियमपुस्तक मी एका प्रश्नाचं उत्तर शोधत वाचलं. पात्र बनवताना आकडे आणि कल्पना यांची गाठ हे पुस्तक घालून देतं का? उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे, आणि दोन्ही अर्ध्यांबद्दल मला भरपूर बोलायचं आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि रविवारी दुपारी पुण्यात आमच्याच घरी जेवणाच्या टेबलावर डंजन मास्टर म्हणून खेळ चालवते. आकड्यांची मला मनापासून आवड आहे. पण पाच जण टेबलाभोवती बसून चार-चार तास एका खोट्या जगाची काळजी करतात ती आकड्यांसाठी नाही, हेही मी दर रविवारी बघते. म्हणून या पुस्तकातलं माझं लक्ष पहिल्यापासून पात्रनिर्मितीच्या प्रकरणावर होतं.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, डंजन मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांमधून आणला. त्या काळी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, जी बेरीज येईल ती पहिल्या गुणापुढे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, क्रम बदलायचा नाही. पदरात काय पडलंय ते बघून आपण कोण आहोत हे ठरवायचं. आता क्रम उलटा झाला आहे: आधी कोण व्हायचं ते ठरवतो आणि मग त्याला शोभतील असे आकडे लावतो.

नव्या पुस्तकात पात्राचे सहा गुण (ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिस्मा) ठरवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, सहा बाजूंचे चार फासे टाका, सर्वांत लहान सोडा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्या. दुसरा, 15, 14, 13, 12, 10, 8 हे तयार आकडे हवे तसे वाटून घ्या. तिसरा, 27 गुणांच्या बजेटमध्ये आकडे विकत घ्या, ज्यात 8 फुकट मिळतो, 14ला 7 लागतात आणि 15ला 9. चार फाशांच्या पद्धतीची सरासरी 12.24 येते आणि तयार आकड्यांची बरोबर 12, म्हणजे वरवर पाहता फासे थोडे फायद्याचे. पण सहा वेळा टाकून निदान एक 18 येण्याची शक्यता 9 टक्क्यांच्या आसपास असते, आणि तो 18 कोणा एकाच्याच वाट्याला येतो. शेजारी बसलेल्याचा सर्वांत मोठा आकडा 13 असेल, तर पुढचे सहा महिने ती दरी दर रविवारी टेबलावर दिसते. नव्या खेळाडूंना मी तयार आकडेच देते. ते 27च्या बजेटमध्ये अगदी चोख बसतात, आणि त्यात एक 8 आहे ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तो 8 कुठे ठेवायचा, यावर पात्राचा निम्मा स्वभाव ठरतो.

आता या पुस्तकातला सर्वांत मोठा बदल. 2014च्या आवृत्तीत गुणांमधली वाढ तुमची प्रजाती कुठली, म्हणजे तुम्ही एल्फ आहात की ड्वार्फ, यावर मिळायची. आता ती बॅकग्राउंडवर मिळते, म्हणजे साहसावर निघण्यापूर्वी तुम्ही काय करत होता त्यावर. अशी 16 बॅकग्राउंड्स आहेत: शेतकरी, खलाशी, व्यापारी, लेखनिक, सैनिक, पहारेकरी वगैरे. प्रत्येकाला तीन गुण नेमून दिले आहेत. त्यांतल्या एकाला 2 आणि दुसऱ्याला 1 अशी भर घाला, किंवा तिघांना एक-एक. शिवाय एक फीट, म्हणजे खास क्षमता, दोन कौशल्यं आणि एका प्रकारच्या अवजारांची जाण. माणूस जन्माने नाही, तर केलेल्या कामाने घडतो, हा विचार मला मनापासून पटतो.

पण गणित इथेच आडवं येतं. 16 बॅकग्राउंड्स, प्रत्येकात तीन गुण, म्हणजे 48 जागा, आणि प्रत्येक गुण त्यात सात ते नऊ वेळा येतो, बुद्धी बरोबर आठ वेळा. जवळजवळ समतोल आहे, आखणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन केलेला. त्याचा परिणाम असा की विझार्ड, म्हणजे विद्येने मंत्र टाकणारा जादूगार, व्हायचं असेल आणि त्याला लागणारी बुद्धी वाढवायची असेल, तर निम्म्या बॅकग्राउंड्सची दारं तिथेच बंद होतात. सोळांपैकी आठच उरतात. शेतकरी त्यात नाही. शेतकऱ्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण मिळतं.

आमच्या टेबलावरच्या एका खेळाडूला मात्र शेतकऱ्याचा मुलगाच विझार्ड हवा होता. त्याच्या डोक्यात पाणाड्या होता: शेतात फिरून जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा. त्याने कुठूनतरी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला 'दकार्गल' हा अध्याय वाचला होता, ज्यात झाडं आणि वारुळं बघून भूजल ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. पात्राचं नाव सोपान. आजोबांकडून शिकलेल्या खुणांमधून हळूहळू मंत्रविद्येपर्यंत पोचलेला. कल्पना ऐकताच सगळं टेबल गप्प झालं, इतकी ती चांगली होती. मग कोणीतरी म्हणालं, "पण शेतकरी घेतलास तर बुद्धी वाढणार नाही. सेज, म्हणजे विद्वान, घे आणि गोष्टीत शेतकरी म्हण."

अशा वेळी मी खडू हातात घेते. किती नुकसान होतं, ते आधी मोजूया.

सेज घेतला, तर बुद्धी 15ची 16 आणि काटकपणा 14चा 16 होतो. शेतकरी घेतला तर काटकपणा 16 होतो, पण बुद्धी 15वरच राहते. 16चा मॉडिफायर, म्हणजे त्या गुणामुळे मिळणारी भर, 3 आणि 15चा 2. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीवर, सेजच्या मंत्रापासून बचाव करायला शत्रूला 13 गाठावे लागतात, शेतकऱ्याच्या मंत्रापासून 12. शत्रूकडे स्वतःची काही भर नसेल, तर सेजचा मंत्र 60 टक्के वेळा लागू पडतो, शेतकऱ्याचा 55 टक्के. म्हणजे वीस मंत्रांमागे एक मंत्र कमी.

बदल्यात काय मिळतं? शेतकऱ्याला टफ नावाची फीट मिळते, दर लेव्हलला 2 जास्तीचे हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद. तिसऱ्या लेव्हलला सेज विझार्डकडे 23 हिट पॉइंट्स असतात, शेतकरी विझार्डकडे 29. चौथा हिस्सा जास्त! विझार्ड हा टेबलावरचा सर्वांत नाजूक प्राणी असतो, आणि मेलेल्या विझार्डचा विसावा मंत्र कोणालाच लागू पडत नाही. सेजला जास्तीचे मंत्र मिळतात, हेही खरं, आणि ते मोलाचे आहेत. पण तुलना समोर मांडल्यावर प्रश्न 'बरोबर की चूक' असा उरला नाही. प्रश्न झाला: तुझा विझार्ड हुशारीने जिंकतो की टिकून राहून जिंकतो? पाणाड्याचं उत्तर उघड होतं.

मला या परीक्षणात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, ती हीच. आकडे आणि गोष्ट यांच्यात निवड करायची आहे असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा कोणीच नीट आकडेमोड केलेली नसते. मॉडिफायरमधला एक आकडा म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पाच टक्के. ती किंमत माहीत असली की खेळाडू निर्धास्तपणे गोष्ट निवडतो, आणि माहीत नसली की घाबरून सेज घेतो.

सोपानची उरलेली गोष्ट तर आकड्यांनीच लिहिली. 8 कुठे ठेवायचा? त्याने ताकदीत ठेवला. शेतकऱ्याचा मुलगा, काटकपणा 16 आणि ताकद 8, हे कसं? मग उत्तरं यायला लागली. लहानपणी मोठा आजार झाला, पोतं कधी पाठीवर घेता आलं नाही, म्हणून घरच्यांनी त्याला आजोबांच्या मागे पाणी बघत फिरायला लावलं. दिवसभर उन्हात उपाशी चालू शकतो, पण भरलेली घागर उचलताना हात थरथरतात. शेतकऱ्याला मिळणारी सुतारकामाची हत्यारं त्याने रहाट दुरुस्त करण्यासाठी ठेवली. एकही ओळ हवेतून आली नाही. प्रत्येक आकड्याला 'का?' विचारलं आणि त्याने उत्तर दिलं.

पुस्तकात अजून एक वाट आहे, ती फारशी कोणी वाचत नाही म्हणून इथे सांगते. जुन्या पुस्तकांतली बॅकग्राउंड्स कशी वापरायची याची एक छोटी चौकट दिली आहे. जुन्या बॅकग्राउंडला गुणवाढ नसेल तर ती तुम्ही कुठल्याही गुणांना द्यायची, आणि फीट नसेल तर एक निवडून घ्यायची. म्हणजे 2014च्या पुस्तकातला 'फोक हीरो', गावाने डोक्यावर घेतलेला साधा माणूस, आज आणला तर त्याला बुद्धीत 2 घालता येतात. शिवाय 2024 सालीच नंतर आलेल्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये स्वतःचं बॅकग्राउंड बनवण्याची रीत आहे. पण ती दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या किमतीत आहे. इतकी महत्त्वाची मुभा खेळाडूच्या हातातल्या पुस्तकात नको होती का? ही या आवृत्तीची मला खरोखर खटकलेली उणीव आहे.

आता दुसरी बाजू. गोष्ट उत्तम आणि आकडे दुर्लक्षित, असं झालं की गोष्टच मोडते. माझ्या भाचीने बार्ड बनवली, म्हणजे गाण्यातून जादू करणारी. तिच्या मनात कीर्तनकार होती: गावोगाव फिरणारी, उभ्या सभेला रडवणारी आणि हसवणारी. वहीत पानंच्या पानं लिहिली होती, फार सुंदर. पण तलवारही चपळ चालावी म्हणून 15 तिने चपळाईत घातले, आणि करिस्मा, म्हणजे माणसांवर पडणारी छाप, राहिली 10. पाटलाला पटवायचं आहे, 15 गाठायचे आहेत, भर शून्य: यशाची शक्यता 30 टक्के. दहातल्या सात वेळा जिचं बोलणं पडतं, ती उभ्या सभेला रडवते हे टेबलावर कोणाला खरं वाटेल? वहीतली पानं एक सांगत होती आणि फासा दुसरंच.

आम्ही शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचं पान, पुन्हा लिहिली. एंटरटेनर, म्हणजे लोकांची करमणूक करणारी, या बॅकग्राउंडमधून करिस्मा 17, पर्सुएशन, म्हणजे मन वळवणं, हे कौशल्य घेतलं: भर 5, शक्यता 55 टक्के. दुसऱ्या लेव्हलला बार्डला कौशल्यात दुप्पट प्रावीण्य मिळतं: भर 7, शक्यता 65 टक्के. आणि एंटरटेनरसोबत येणारी म्युझिशियन फीट तर जणू तिच्यासाठीच लिहिली होती. विसाव्यानंतर सोबत्यांना गाणं ऐकवायचं आणि त्यांना हिरोइक इन्स्पिरेशन द्यायचं, म्हणजे पुढे कधीतरी पडलेला फासा पुन्हा टाकण्याची संधी. ती आता प्रत्येक मुक्कामावर अभंगाचा एक चरण म्हणते आणि मग सोबत्यांची नावं घेते. हा नियम लिहिणाऱ्याला मी मनापासून दाद देते. आकडा, नियम आणि भक्तिभाव तिन्ही एकाच क्षणी टेबलावर येतात, असं फार थोड्या खेळांत होतं.

या आवृत्तीचं सर्वांत चांगलं काम मात्र शस्त्रांच्या प्रकरणात आहे. प्रत्येक शस्त्राला आता 'मास्टरी' आहे, ते शस्त्र नीट शिकलेल्यालाच जमणारी एक खास करामत. आमच्याकडे एक वाणिज्य शाखेचा मुलगा खेळतो, त्याला हिशेब लागतो आणि तो लाजत नाही. त्याचा प्रश्न होता: मोठी तलवार घेऊ की मोठी कुऱ्हाड? तलवारीचे सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी 7. कुऱ्हाडीचा एक बारा बाजूंचा, सरासरी 6.5. जुन्या आवृत्तीत इथेच विषय संपायचा. आता तलवारीला 'ग्रेझ' आहे: नेम चुकला तरी ताकदीच्या मॉडिफायरइतकी इजा होतेच. कुऱ्हाडीला 'क्लीव्ह' आहे: वार लागला की शेजारच्या दुसऱ्या शत्रूवरही एक वार, फक्त त्यात ताकदीची भर नाही.

फळ्यावर मांडलं. ताकद 17, भर 3, वार लागण्याची शक्यता 60 टक्के, क्रिटिकल, म्हणजे फाशावर 20 पडल्यावर होणारी जास्तीची इजा, बाजूला ठेवलं. समोर एकच शत्रू असेल तर तलवार दर वाराला सरासरी 7.2 इजा करते आणि कुऱ्हाड 5.7. शत्रू खेटून दोन असतील, तर तलवार 7.2वरच राहते आणि कुऱ्हाड 8.04वर जाते. मुलगा फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग माझी फायटर गर्दीत घुसणारी आहे का ते आधी ठरवायला हवं." त्याने तलवार घेतली. त्याची फायटर द्वंद्वाला बोलावून लढते, पाठीमागे कोणाला उभं राहू देत नाही, आणि तिचा एकही वार पुरता वाया जात नाही. ती अशी का लढते, याची गोष्ट त्याने पुढच्या आठवड्यात आणली. आकड्यांचं वेड असलेल्या खेळाडूला कल्पना नसते असं म्हणणाऱ्यांनी त्याच्यासोबत एकदा बसावं.

मग 'अर्धं नाही' कुठे? 2014च्या पुस्तकात प्रत्येक बॅकग्राउंडसोबत चार तक्ते होते: स्वभावाच्या आठ लकबी, सहा आदर्श, जिवाभावाचे सहा धागे आणि सहा दोष. एका बॅकग्राउंडमधून 1,728 जोड्या निघतात. सगळ्याच ग्रेट नव्हत्या. पण ज्या नव्या माणसाला 'तुझं पात्र कसं आहे?' विचारल्यावर घाम फुटतो, त्याच्या हातात फासा दिला की दोन मिनिटांत त्याच्याकडे एक दोष आणि एक आवडतं माणूस असायचं. आणि त्या दोषाला आकड्याचं बळ होतं. स्वभावातला दोष स्वतःचं नुकसान करून घेत खेळलात की डंजन मास्टर इन्स्पिरेशन द्यायचा, ज्यावर दोन फासे टाकून मोठा घेता यायचा. वीस बाजूंच्या एका फाशाची सरासरी 10.5, दोनांतल्या मोठ्याची 13.8. भित्रेपणा खेळून दाखवा, पुढे सव्वातीनची मदत मिळवा. गोष्ट आणि गणित यांच्यातला हा फार चांगला पूल होता.

नव्या पुस्तकात ते तक्ते गेले. कुठला गुण जास्त किंवा कमी असेल तर स्वभाव कसा असू शकेल, याचे मोजक्या शब्दांचे तक्ते आहेत, आणि ती दिशा मला आवडते. पण शब्द म्हणजे प्रसंग नव्हे. 'तापट' हा शब्द मिळाल्याने कोणी खेळायला लागत नाही. 'ज्याने माझ्या भावाला फसवलं तो याच शहरात राहतो' असं काही मिळालं की लागतो. शंभर चित्रविचित्र वस्तूंचा तक्ता तेवढा अजून आहे, आणि मी त्यातून प्रत्येक नव्या पात्राला एक वस्तू काढायला लावते.

पायऱ्यांचा क्रमही मला मान्य नाही. पुस्तक आधी क्लास, म्हणजे फायटर, बार्ड, विझार्ड असा पात्राचा पेशा, निवडायला सांगतं, मग बॅकग्राउंड आणि प्रजाती, मग आकडे, आणि तपशील सर्वांत शेवटी. नवखा माणूस शेवटच्या पायरीपर्यंत थकलेला असतो. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, 'घर का सोडलंस?' त्याचं एका वाक्यात उत्तर मिळाल्यावरच मी पुस्तक उघडते. कुठला क्लास शिकायला किती सोपा याचा नवा तक्ता मात्र उपयोगी आहे. फायटर (लढवय्या) आणि 'रोग' (Rogue, लपतछपत काम करणारा चलाख चोर) यांना सोपं म्हटलं आहे, ते बरोबरच आहे.

बेरजा आपोआप करून देणाऱ्या डिजिटल शीटबद्दल एकच वाक्य: पहिलं पात्र कागदावर, खोडरबर घेऊन करा, कारण मॉडिफायर कुठून आला हे हाताने लिहिल्याशिवाय त्याला 'का?' विचारावंसं वाटत नाही.

विकत घेण्याआधी फुकटात बघता येतं. नियमांचा गाभा एसआरडी 5.2 या नावाने 2025 साली क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर खुला झाला आहे. बाराही क्लास त्यात आहेत, पण प्रत्येकाचा एकच उपप्रकार, आणि बॅकग्राउंड्स फक्त चार: अॅकोलाइट (मंदिराचा सेवक), क्रिमिनल (गुन्हेगार), सेज, सोल्जर (सैनिक). म्हणजे सोपानचा शेतकरी त्यात नाही. पण परवाना असा आहे की मूळ श्रेय देऊन कोणीही त्याचं मराठी भाषांतर करू शकतं, छापू शकतं, त्यात स्वतःची बॅकग्राउंड्स घालू शकतं. पाणाडी, कीर्तनकार, वासुदेव, नावाडी, पाथरवट. मी आमच्या टेबलापुरती अशी पानं लिहायला घेतली आहेत, प्रत्येकाला तीन गुण, एक फीट, आणि सोबत लकबींचा आणि दोषांचा तक्ता. ज्यांना वापरायची असतील त्यांनी खुशाल मागावीत.

पुस्तक 384 पानांचं, पुठ्ठाबांधणीचं आहे, छापील किंमत 49.99 डॉलर. प्रत्येक खेळाडूने घेण्याची काहीच गरज नाही, टेबलावर एक प्रत पुरते. तुमच्याकडे 2014चं पुस्तक असेल तर ते रद्दीत किंवा जुन्या बाजारात देऊ नका. त्यातली बॅकग्राउंडची पानं नव्या पुस्तकाशेजारी उघडी ठेवा आणि नव्या खेळाडूच्या हातात पेन्सिलीआधी फासा द्या.